हॉवर्ड रिकेट्स

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाचा उत्तुंग पर्वत आहे. त्याच्या कुशीत, मोंटाना राज्यात, बिटररूट नावाचे रमणीय खोरे वसले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या खोऱ्यावर एका भयंकर रोगाची छाया पसरली होती. वसंत ऋतू आला की तेथील शेतकऱ्यांच्या उरात धडकी भरे. रोग्यास कडक ताप चढे, सर्वांगावर तांबडे ठिपके उमटत आणि बहुतेक रोगी दगावत. वितळलेल्या बर्फाचे पाणी बाधते, अशी कित्येकांची समजूत होती.

१९०६ साली डॉक्टर हॉवर्ड रिकेट्स शिकागोहून तेथे आला. त्याचा जन्म १८७१ साली ओहायो राज्यात झाला होता. सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. म्हणून तंबूतच त्याने काम आरंभिले. रोग्याचे रक्त टोचताच गिनीपिग आजारी पडले. आजारी गिनीपिगाचे रक्त प्यालेली गोचीड त्याने निरोगी गिनीपिगावर सोडली. त्यालाही तोच ताप आला! दोष पाण्याचा नव्हता. रोग पसरविणारी होती ती क्षुद्र गोचीड.

पण गोचिडीत हा रोग येई कोठून? रिकेट्सने रानातील प्राण्यांकडे दृष्टी वळविली. बिळांत राहणाऱ्या खारींनाही हा रोग जडतो, असे त्याला आढळले. गोचिडीची पिले अशा लहान प्राण्यांच्या रक्तावर वाढतात. मोठ्या झालेल्या गोचिडी वसंतात गुरांना आणि माणसांना चिकटतात. रोगाचे बीज गोचिडीच्या अंड्यांतही उतरते, हेही त्याने दाखविले. रोग्यांच्या रक्तात आणि त्या अंड्यांत त्याला अतिसूक्ष्म जंतू दिसले.

१९०९ साली तो मेक्सिको शहरी टायफस ज्वराचा शोध घेण्यास गेला. हा ज्वर उवांमुळे पसरे. धोका त्याला ठाऊक होता. तरी तो मागे हटला नाही. अखेर त्याच ज्वराने त्याला गाठले. पत्नी व दोन लहान मुले मागे ठेवून ३ मे १९१० रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने देह ठेवला.

१९१६ साली या जातीच्या जंतूंना रिकेट्सिया हे नाव मिळाले. १९४८ च्या सुमारास या तापावर गुणकारी औषधे हाती आली. आज वेळेवर औषध मिळाले, तर बहुतेक रोगी बरे होतात. ज्या शत्रूने त्याचे प्राण घेतले, त्या शत्रूलाच रिकेट्सचे नाव आहे. शूराला याहून उचित स्मारक कोणते?