मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये करणाऱ्या पक्षातले अमरावतीचे तांबे इंग्रज सरकारात गेले आणि पक्षच फुटला

एखादा आमदार पक्षाला न विचारता सत्तेत जाऊन बसला की दोन गोष्टी हमखास होतात. पक्ष त्याला गद्दार म्हणतो आणि त्याचे समर्थक नेत्यांकडे बोट दाखवतात. हे आजचं राजकारण वाटत असेल, तर १०० वर्षं मागे चला. गाव अमरावती, माणूस श्रीपाद बळवंत तांबे.

१८७५ साली जन्मलेले तांबे पेशाने वकील. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे नगरपालिकेच्या राजकारणातून ते प्रांताच्या राजकारणात आले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि कायदेमंडळ नागपुरात बसायचं.

१९१९ च्या कायद्याने प्रांतात द्विदल राज्यपद्धती आणली होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी सोपीव खाती मंत्र्यांकडे, आणि मंत्री कायदेमंडळाला जबाबदार. पोलीस, तुरुंग, महसूल ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. या मंडळातल्या सदस्यांना कायदेमंडळ हटवू शकत नव्हतं. पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

१९२३ च्या निवडणुकीत चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने मध्य प्रांतात बहुमत मिळवलं. पक्षाचं धोरण ठरलेलं होतं. आत जायचं, पण सत्ता घ्यायची नाही आणि कारभार अडवायचा. त्यांनी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला. गव्हर्नरने दुसरे मंत्री नेमले, तर १९२४ मध्ये त्यांच्यावर अविश्वास आणला आणि त्यांचा वर्षाचा पगार २ रुपयांवर आणला. मंत्री गेले आणि सोपीव खातीही गव्हर्नरकडे गेली. इंग्रजांची नाचक्की झाली खरी, पण शाळा-दवाखान्यांबद्दल सभागृहात जाब विचारावा असा मंत्रीच उरला नाही.

१९२५ च्या मार्चमध्ये तांबे याच कायदेमंडळाचे निवडून आलेले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी गृहसदस्याची जागा रिकामी झाली. त्या जागेवर होते सर मोरोपंत जोशी, तेही अमरावतीचेच वकील. गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी तांब्यांना विचारलं आणि ऑक्टोबरमध्ये तांब्यांनी होकार दिला.

स्वराज्य पक्षात भडका उडाला. मोतीलाल नेहरूंनी याला उघड शिस्तभंग ठरवलं. पण महाराष्ट्रातून न. चिं. केळकर आणि बॅरिस्टर जयकर उलट प्रश्न विचारू लागले. पक्षाचेच विठ्ठलभाई पटेल केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष झालेले चालतात, खुद्द मोतीलाल सरकारी स्कीन कमिटीत बसलेले चालतात, मग एकट्या तांब्यांनाच दोष का?

या प्रश्नात दम होता. पण पटेलांना सभागृहाने निवडलं होतं आणि तांब्यांना गव्हर्नरने नेमलं होतं. ज्या सभागृहाने मंत्र्यांना घरी बसवलं, त्याच सभागृहाला आपल्या माजी अध्यक्षाला पदावरून काढता येत नव्हतं. उलट बाजूने पाहिलं तर जबाबदार मंत्र्यांची पदं रिकामी पाडण्याचा निर्णय पक्षाचाच होता.

दास जून १९२५ मध्येच वारले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकत्र बसवणारं वजनदार माणूस उरलं नव्हतं. केळकर, जयकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे बाहेर पडले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात ही मंडळी जमली आणि प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. जिथे फायदा तिथे सहकार, नाहीतर विरोध, हे टिळकांचं सूत्र त्यांनी पुढे केलं. एप्रिलमध्ये साबरमतीला समेट झाला, पण तो टिकला नाही.

त्या वर्षीच्या निवडणुकीत मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाचं बहुमत गेलं. १९२७ च्या सुरुवातीला ई. राघवेंद्र राव आणि अमरावतीचे रामराव देशमुख मंत्री झाले. पण कोणाकडेच भक्कम संख्याबळ नव्हतं, त्यामुळे पुढची काही वर्षं मंत्री बदलत राहिले आणि प्रत्येक गट दुसऱ्यावर खापर फोडत राहिला.

तांबे मात्र आपल्या जागेवर होते. त्यांची खुर्ची सभागृहातल्या मतांवर अवलंबूनच नव्हती. १९२९ मध्ये काही काळ ते प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. एका भारतीयासाठी तेव्हा ही मोठी गोष्ट होती. पुढे ते पहिल्या गोलमेज परिषदेला गेले आणि १९३२ च्या लोथियन कमिटीत बसले. मतदानाचा हक्क किती लोकांना द्यायचा, हे ठरवण्यासाठी ती कमिटी नेमली होती.

तांबे गद्दार होते की व्यवहारी, यावर तेव्हाही एकमत झालं नाही. पण १९३५ च्या कायद्याने प्रांतातली राखीव खाती काढून टाकली आणि १ एप्रिल १९३७ पासून गृहसदस्याची ती खुर्चीच राहिली नाही. त्यानंतर पोलीस आणि तुरुंगाचा कारभारही सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आला.