हॅरी फर्ग्युसन

हेन्री जॉर्ज ऊर्फ हॅरी फर्ग्युसन (४ नोव्हेंबर, इ.स. १८८४ - २५ ऑक्टोबर, इ.स. १९६०) हे आयरिश अभियंते व संशोधक होते. ट्रॅक्टरला अवजार जोडण्याच्या तीन बिंदू जोडणीसाठी ते ओळखले जातात.

जीवन

त्यांचा जन्म आयर्लंडमधील डाउन परगण्यात शेतकरी कुटुंबात झाला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडवले. असे करणारे ते पहिले आयरिश होत.

कार्य

त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे अडकवून ओढला जाई. तो खडकात अडकल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटे व चालक दगावत. फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची खोली हायड्रॉलिक यंत्रणेने नियंत्रित केली. नांगराचा भार मागील चाकांवर येऊन हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळाली व उलटण्याचा धोका कमी झाला.

१९३८ साली त्यांनी हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. फोर्ड यांच्या नातवाने तो संपुष्टात आणल्यावर फर्ग्युसन यांनी खटला भरला; १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान, १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा टीई-२० हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. याच ट्रॅक्टरांवरून एडमंड हिलरी यांचे पथक ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

वारसा

साध्या रचनेमुळे टीई-२० घरच्या घरी खोलून दुरुस्त करता येतो. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरांचे हौशी संग्राहक तो आजही चालू स्थितीत जतन करतात. भारतासह जगभरातील शेतीच्या ट्रॅक्टरांवर आता हीच जोडणी रूढ आहे.