थॉमस रीड डेव्हीस बेल

थॉमस रीड डेव्हीस बेल (२ मे १८६३ – २४ जून १९४८) हे ब्रिटिशकालीन भारतातील वनाधिकारी आणि कीटकशास्त्रज्ञ होते. फुलपाखरे व पतंग यांच्या अनोळखी अळ्या वाढवून त्यांची जात निश्चित करण्याच्या कार्यासाठी ते ओळखले जातात.

जीवन

बेल यांचा जन्म आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातील बँडन येथे झाला. १८८४ साली ते वनखात्यात धारवाड येथे रुजू झाले. पुढे कारवार ही त्यांची कर्मभूमी ठरली. कारवार हे उत्तर कानडा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथे त्यांना जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि मीठ व जकात खात्यातील एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे समानधर्मी सहकारी लाभले. साताऱ्यात जन्मलेले एटकिन हे १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एक संस्थापक होते. उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर या तिघांनी मिळून लिहिलेली लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९२० साली निवृत्त झाल्यावर बेल कारवारलाच राहिले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

अळ्यांची ओळख

जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतीय पतंगांवर चार खंड लिहिले. त्यांतील वर्गीकरण मुख्यतः प्रौढ पतंगांच्या शरीररचनेवर, विशेषतः पंखांतील शिरांवर आधारलेले होते. रानात सापडलेल्या अळीची जात ठरविण्यास ते पुरेसे नव्हते, कारण अळी व पतंग यांच्या रूपात कोणतेही साम्य नसते. शिवाय एकाच जातीच्या अळ्या हिरव्या, पिवळ्या किंवा तपकिरी असू शकतात आणि प्रत्येक कात टाकताना त्यांचे रूप पालटते. कण्हेरीवरील हॉक मॉथची हिरवी अळी कोशावस्थेपूर्वी तपकिरी होते. त्यामुळे एकच अळी दोन वेगळ्या जातींची समजली जाण्याचा धोका असतो.

यावर बेल यांचा उपाय सरळ पण कष्टाचा होता. अळी ज्या झाडावर सापडली त्याची नोंद करावयाची, तिला त्याच झाडाची ताजी पाने देत राहावयाचे, प्रत्येक अवस्थेचे वर्णन लिहावयाचे आणि कोशातून पतंग बाहेर पडेपर्यंत थांबावयाचे. पुष्कळदा कोशातून पतंगाऐवजी परोपजीवी माशी किंवा गांधीलमाशी निघते व साऱ्या श्रमांनंतरही ओळख अपुरी राहते. म्हणून एका जातीसाठी अनेक अळ्या वाढवाव्या लागतात.

खाद्यवनस्पती अचूक ओळखल्याखेरीज ही पद्धत निरुपयोगी ठरते. बेल यांचा वनस्पतींचाही गाढा अभ्यास होता. सनदी अधिकारी एल. जे. सेजविक यांच्यासह त्यांनी गोळा केलेले वनस्पतींचे नमुने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयात आहेत.

लेखन

मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवरील त्यांची लेखमाला १९०९ पासून अनेक वर्षे सोसायटीच्या नियतकालिकात येत होती. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला हॉक मॉथ कुळावरील ग्रंथ १९३७ साली, बेल चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना, भारतीय प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पतंगांचा पाचवा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ पतंगांबरोबरच अंडी, अळी, कोश आणि खाद्यवनस्पती यांची सविस्तर वर्णने आहेत.

महत्त्व

या कुळातील बहुतेक अळ्यांच्या शेपटीकडे एक शिंग असते. भंडाऱ्यापासून कारवारपर्यंत तिळावर किंवा कण्हेरीवर अशी अळी आढळल्यास तिचे कुळ शिंगावरून लक्षात येते. नेमकी जात ठरविण्यासाठी मात्र खाद्यवनस्पती आणि वाढीच्या अवस्थांची नोंद महत्त्वाची ठरते. छायाचित्रांच्या काळातही जेथे संशय उरतो, तेथे अळी वाढवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग राहिला आहे.