हरमान वाइल: फसलेल्या कल्पनेचं दुसरं व्हर्जन

स्ट्रिंग थिअरी वाचताना मी ‘गेज’ या शब्दापाशीच अडकलो. गेज म्हणजे माप. इथे मोजतोय काय?

१९१८ मध्ये झुरिचला गणितज्ञ हरमान वाइल यांनी मांडलं, की लांबीची मापपट्टी प्रत्येक बिंदूवर वेगळी निवडता यावी. त्यातून विद्युतचुंबकत्व निघेल. आइन्स्टाइननी बग दाखवला: मग अणूच्या वर्णरेषा त्याच्या प्रवासानुसार बदलतील. तसं दिसत नाही.

क्वांटम मेकॅनिक्स आल्यावर, १९२९ मध्ये, वाइल यांनी लांबीऐवजी इलेक्ट्रॉन-लहरीचा फेज घेतला. गणित बसलं. (मापपट्टी गेली, नाव राहिलं!) पत्नी ज्यू, म्हणून १९३३ मध्ये नाझी जर्मनी सोडून ते प्रिन्स्टनला गेले. १९५५ मध्ये वारले.

डी-ब्रेनला टोकं चिकटलेल्या स्ट्रिंग्जमधून हीच सिमेट्री निघते. तीन ब्रेन एकावर एक ठेवा: टोकांच्या नऊ जोड्या, नऊ गेज क्षेत्रं.