बुरशीच्या अभ्यासाला घर देणारे डॉ. आघारकर

रत्नागिरी : पुण्यातील गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतील साधर्म्यामुळे ही संस्थाही समाजसुधारक आगरकरांच्याच स्मरणार्थ उभी असावी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती कोकणचे सुपुत्र, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची आहे. बियाण्यांवरील आणि रोपांवरील बुरशी रसायनांऐवजी उपकारक सजीवांकरवी रोखण्याचा मार्ग आज शेतकऱ्यांना खुला आहे. त्यामागे जो मूलभूत अभ्यास लागतो, त्याला महाराष्ट्रात हक्काचे घर मिळाले, त्याचे मोठे श्रेय डॉ. आघारकरांना जाते.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून त्यांनी तेथेच जीवशास्त्राचे अध्यापन केले. सुटी मिळाली की सह्याद्रीत भटकून नमुने गोळा करण्याचा त्यांना छंद होता. याच भटकंतीत १९११ मध्ये सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ वेण्णा नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्याच्या जातकुळीचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतून ज्ञात होते. या शोधाने तरुण अध्यापकाचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात पोहोचले.

१९१४ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. त्या अस्थिर काळातही त्यांनी अभ्यास सोडला नाही. वायव्य भारतातील शुष्क प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, या विषयावर त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात घोष अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून त्यांनी दोन तपांहून अधिक काळ वनस्पतिशास्त्र शिकवले.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे त्यांना मानवले नाही. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली आणि वयाच्या बासष्टीच्या उंबरठ्यावर त्यांनी तिचे संस्थापक संचालकपद स्वीकारले. आघारकर स्वतः बुरशीचे तज्ज्ञ नव्हते. परंतु त्यांनी घडवलेल्या संस्थेत एम. एन. कामत यांच्यासारख्या अभ्यासकाच्या नेतृत्वाखाली कवकशास्त्राची परंपरा रुजली. कवकतज्ज्ञ अजरेकर यांच्या नावाने वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह तेथे उभा राहिला. पुढे जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आला.

अशा संग्रहांचे मोल शेतात कळते. ट्रायकोडर्मा ही मातीतील हिरवट बुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, विकरांच्या साह्याने त्यांचे कवच विरघळवते आणि त्यांचे अन्न व जागा बळकावते. १९३२ मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने तिचे हे परजीवी वर्तन जगापुढे मांडले. आज दर किलो बियाण्यास साधारण ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून, बियाणे सावलीत सुकवून पेरण्याची शिफारस केली जाते. मर आणि मूळकूज यांना त्यामुळे आळा बसतो. मात्र, दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यावर वाढणारी अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशीही हिरवटच दिसते आणि ती यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. एक रक्षक, तर दुसरी भक्षक. केवळ रंगावरून पारख केली, तर घात ठरलेला. खात्रीची ओळख पटवायची, तर पडताळून पाहण्यासाठी जतन केलेले नमुने आणि ते वाचणारा जाणकार, दोन्ही हवेत.

पावसाळ्यात चार महिने ओल न हटणाऱ्या, आंब्यावरील भुरी-करप्याने आणि सुपारीवरील कोळेरोगाने गांजणाऱ्या रत्नागिरीला हे वेगळे सांगायला नको.

डॉ. आघारकर १९६० मध्ये निवर्तले. अखेरपर्यंत ते संस्थेचे संचालक होते. १९९२ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. नदीच्या पाण्यातील इवलासा जीव अचूक टिपणाऱ्या या कोकणी माणसाने निरीक्षणाची तीच शिस्त संस्थेच्या रूपाने मागे ठेवली. पुण्याच्या त्या रस्त्यावरून जाताना आगरकरांबरोबर आघारकरांचेही स्मरण व्हावे, एवढे त्यांचे ऋण निश्चितच आहे.