हॅरॉल्ड पाल्मर : संभाषणाच्या अध्यापनाचे शास्त्र

परकी भाषा प्रौढ वयात बोलता येणे हे उपजत देणगीपेक्षा योग्य सवयींवर अधिक अवलंबून असते, या विचाराला ज्यांनी शास्त्रीय बैठक दिली त्यांत हॅरॉल्ड पाल्मर यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७७ मध्ये लंडन येथे झाला. विद्यापीठीय शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचे भाषाशास्त्र घडले ते वर्गात.

१९०२ मध्ये ते बेल्जियममधील व्हर्व्हिए या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी इंग्रजी शिकविण्यास गेले. तेथील बर्लिट्झ पद्धतीच्या शाळेत मातृभाषेचा एकही शब्द उच्चारावयाचा नाही, असा दंडक होता. संभाषणावरील हा भर त्यांनी स्वीकारला. परंतु शब्दाचा अर्थ मातृभाषेतून चटकन कळत असेल तर तो दडवून ठेवण्यात त्यांना अर्थ दिसेना. पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि अनेक वर्षे तेथे निरनिराळे प्रयोग केले. १९१४ च्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. कुटुंबासह ते इंग्लंडला परतले आणि डॅनिएल जोन्स यांच्यामुळे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापन करू लागले.

१९१७ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून त्यांचा सिद्धान्त स्पष्ट झाला. माणसाच्या ठायी भाषा ग्रहण करण्याच्या दोन शक्ती असतात. एक ऐकून व अनुकरण करून सहज शिकणारी, तर दुसरी वाचन व विश्लेषण यांवर पोसलेली. लहानपणी पहिली प्रबळ असते. शालेय शिक्षणाने ती झाकोळते, पण नष्ट होत नाही. प्रौढाच्या बाबतीत शिक्षकाचे काम ती पुन्हा जागी करण्याचे असते. म्हणून त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यावर आरंभीच बोलण्याची सक्ती नसे. शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि विद्यार्थ्याने उठून दार उघडावे, पुस्तक उचलावे, एवढेच अपेक्षित असे. कान तयार झाल्यावर होकार-नकाराचे प्रश्न, त्यानंतर दोहोंतून एक निवडण्याचे, आणि शेवटी कोण, काय, कोठे असे प्रश्न येत. प्रश्नाच्या रचनेतच उत्तराची रचना सामावलेली असल्यामुळे चुकण्याचे, आणि पर्यायाने लाजेचे, प्रसंग कमी येत. प्रौढ विद्यार्थ्याच्या जिभेवरचे खरे कुलूप ही लाजच असते.

१९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून ते टोकियोला गेले. पुढच्याच वर्षी इंग्रजीच्या अध्यापनाविषयी संशोधन करणारी संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १९२५ मध्ये कन्या डोरोथी हिच्यासह लिहिलेले ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. परंतु तेथील वर्ग मोठे होते, आणि प्रवेशपरीक्षेत महत्त्व होते ते भाषांतराला. तोंडी अध्यापनाचा सार्वत्रिक प्रसार होऊ शकला नाही. पाल्मर मात्र हटवादी नव्हते. त्यांनी आपले लक्ष निवडक शब्दसंग्रह, वाक्यरचनांचे साचे आणि सुलभ वाचनपाठ यांकडे वळविले. १९३५ मध्ये टोकियो विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. पदवी दिली, १९३६ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९४९ मध्ये निवर्तले.

टोकियोतील त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी वाक्यरचनांच्या या अभ्यासाचा उपयोग आपल्या कोशात केला. १९४२ मध्ये जपानात निघालेला तो कोश पुढे ऑक्सफर्डतर्फे भारतीय महाविद्यालयांतही पोहोचला. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे आलेल्या संरचनात्मक पद्धतीमागेही हीच परंपरा होती. तिच्यातून साचे उचलले गेले, पण साच्यांमागचे संभाषण बहुधा मागे राहिले. वर्गात वाक्ये घोकली जातात आणि वर्गाबाहेर तोंड उघडत नाही, हा अनुभव अनेक देशांना आला. पाल्मर यांचा क्रम याच्या उलट होता : आधी कान, मग कृती, मग उत्तर, आणि नियम सर्वांत शेवटी. त्यांच्या तंत्रात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु प्रौढ विद्यार्थ्यावर त्यांनी टाकलेला विश्वास हा त्यांच्या कार्याचा टिकाऊ वारसा होय.