चित्रकार आबालाल रहिमान

आबालाल रहिमान हे आपल्या कोल्हापूरचे थोर चित्रकार होऊन गेले. त्यांना लहानपणापासून चित्रे काढायचा नाद होता. ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. तरी ते मुंबईत राहिले नाहीत, कोल्हापूरला परत आले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले.

आबालाल कोटितीर्थ तलावाच्या काठी राहायचे. पाणी तेच, झाडे तीच, पण ऊन बदललं की त्यांना नवीन चित्र दिसायचं. रंकाळ्यातला संध्यामठही त्यांनी रंगवला. पान न् पान ते कोरत बसत नसत. रंगाचे फटकारे द्यायचे. जवळून बघितलं तर नुसते डाग, लांबून बघितलं की पाणी चमकतं.

बाईंनी सांगितलं, की फ्रान्स देशात क्लोद मोने हे चित्रकारही असेच रंगवायचे. ते १९०८ साली व्हेनिसला गेले. त्या जुन्या शहरात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत, लोक होडीतून जातात. मोने यांनी तिथली संध्याकाळ रंगवली. बाईंनी ते चित्र मोबाइलवर दाखवलं. आभाळ पेटल्यासारखं आणि पाणीपण तसंच.

माझे मामा मुंबईत करी रोडला चाळीत राहतात. तिथं पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडल्या. आता तिथं उंचच उंच इमारती आहेत. मामांची चाळपण पाडणार आहेत. म्हणून मामीने मला सुट्टीत चाळीची गॅलरी आणि पुलावरची संध्याकाळ काढायला सांगितली. मी पाच चित्रे काढली. मामीने ती ट्रंकेत जपून ठेवली आहेत.

१९२२ साली शाहू महाराज वारले. आबालालना फार दुःख झाले. त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात टाकून दिली असे सांगतात. ज्या पाण्याची चित्रे काढली, त्याच पाण्यात ती गेली. मला हे ऐकून लई वाईट वाटलं. १९३१ साली आबालाल वारले.

त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. पालकांनी मुलांना घेऊन ती जरूर बघावीत. आणि मुलांनी काढलेली चित्रे रद्दीत घालू नयेत, ही विनंती.

इयत्ता चौथी